दगडातल्या कमळाचा तपास

वाटेत तळं दिसलं की आमचे शेजारी अण्णा एसटी थांबवायचे. पोटात कळ आली म्हणून नव्हे, कमळाचं पान मोजायला! धोतर गुडघ्यावर घेऊन चिखलात उतरायचे आणि खिशातून शिंप्याची टेप काढायचे. मुरुडहून अलिबागला जाणारी गाडी खोळंबलेली, मागून कोळणी ओरडताहेत, "अण्णा, चला ना वो! मावरं नासंल माजं!" अण्णा चिखलातूनच सांगत, "तपास चालू आहे!"

एसटी तेव्हा नुकतीच सुरू झालेली, म्हणून ड्रायव्हरही ऐकून घ्यायचे.

तपास कसला, तर एका दगडाचा. अण्णा ओव्हरसियर होते. नागपूरकडे नोकरीत असताना खडकाच्या थरात त्यांना हा दगड सापडला. त्यावर कमळाच्या पानाचा ठसा, शीर न् शीर स्पष्ट. पेन्शन घेऊन मुरुडला आले ते दगड घेऊनच. असलं पान कुठेतरी अजून जिवंत असणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, अडवणार कोण? मी तोंडाची फटकळ. "अण्णा, त्यापेक्षा घरात बोलायला एखादं माणूस शोधा की!" म्हटलं की हसायचे नुसते.

शेवटी अण्णांनी दगडाबद्दल ज्यांना लिहिलं होतं, त्या नागपूरच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. ओसरीवर बसून अण्णांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. ही जात कोट्यवधी वर्षांपूर्वीच नष्ट झाली, जगात कुठेच उरलेली नाही, शोधण्यात अर्थ नाही. अण्णांनी पत्राची घडी घातली. त्यानंतर ते कुठल्या तळ्यात उतरले नाहीत. एसटीवाले सुटले एकदाचे, असं मीच गावभर सांगत फिरले.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला मी खीर-वडे द्यायला गेले. बघते तर अंगणात अण्णा, बोटात दर्भ, आणि समोरच्या दगडावर तीळपाणी सोडताहेत!

"अगं बाई! अण्णा, पानाचं तर्पण?"

"ह्याच्या कुळात पाणी द्यायला कोणी उरलं नाही, वहिनी."

"आणि तुमच्या कुळात हो कोण उरलंय?" मी हसत हसत बोलून गेले. जीभ झडली कशी नाही माझी तेव्हा!

अण्णा रागावले नाहीत. "म्हणूनच," एवढंच म्हणाले आणि खीर ठेवायला पाट पुढे केला.

पुढच्या आषाढात अण्णा गेले. सर्वपित्रीला मी आमच्या ह्यांना बजावलं, आपल्या पितरांबरोबर अण्णांनाही पाणी द्यायचं. भटजींनी नाव विचारलं, ते सांगितलं. मग गोत्र विचारलं.

मी ह्यांना विचारलं, ह्यांनी मला. चौदा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, रोज बोललो, रोज चिडवलं. त्यांचं मूळ गाव कुठलं, माणसं कोण, एकदा म्हणून विचारलं नाही.

"ठाऊक नसेल तर काश्यप म्हणा," भटजी म्हणाले. "ज्यांचं कोणालाच माहीत नसतं, त्यांना तेच लावतात."

ह्यांनी काश्यप म्हणून पाणी सोडलं. मी आत जाऊन तोंडात पदर धरून रडले.