सहा बिछान्यांची गाडी

गाडी जुनी घ्यावी, पण कोणाची घ्यावी, हे माझ्याकडून शिका. नव्या मोटरहोमची, म्हणजे चाकांवरच्या घराची, किंमत मी शोरूममध्ये दिरहममध्ये ऐकली, सवयीनं मोठ्यानं रुपये केले आणि तिथल्याच खुर्चीत बसलो. शिवाय नव्या गाडीचे सगळे आजार अजून व्हायचे असतात. जुनीचे होऊन गेलेले असतात, आणि मालक शिस्तीचा असेल तर औषधपाणीही झालेलं असतं.

हमदुल्लाचाचा तसे मालक होते. रत्नागिरीकडचे, वय बहात्तर, शारजात चाळीस वर्षं. बायको मरियमबी गेल्यावर त्यांनी गाडी विकायला काढली. आतले सहाही बिछाने इतके कडक इस्त्रीचे, की वर बसायचा संकोच वाटावा! व्यवहार झाल्यावर म्हणाले, "राजनभाऊ, एक चावी माझ्याकडे राहू द्या. अधूनमधून पुसून जाईन." फुकटात देखभाल होतेय म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो.

मला एकट्याला सहा बिछाने कशाला, हे तुम्ही विचारणारच. बायको, उर्मिला, टोरंटोला मुलीच्या बाळंतपणाला गेली, ते बाळ आता चालायला लागलं. मुलगा तनिष दुबई मरीनाला राहतो. माझं घर शारजात, अल मजाजला, म्हणजे तासाभराचा रस्ता, पण त्याचं अलीकडचं दर्शन प्रोफाइल फोटोतच. म्हटलं, गाडी दारात उभी राहिली की माणसं येतील. तनिषचं उत्तर आलं, "सो कूल, बाबा! बट धिस वीकेंड इज पॅक्ड."

मग शनिवारी सकाळी मी एकटाच अल ऐनला निघालो.

अर्ध्या वाटेत मागून आवाज सुरू झाला. घर्रर्र, जरा थांबून फूस्स. एसी बंद केला. आवाज तसाच. गिअर बदलले, काही फरक नाही. घामानं निथळत अल ऐनमधल्या एका गॅरेजात शिरलो. पठाण मिस्त्रीनं बॉनेटला कान लावला.

"साब, इंजन बंद करो."

केलं.

"घर्रर्र," गाडी म्हणाली.

मिस्त्री दोन पावलं मागं सरला. "साब, ये मेरा काम नहीं है."

मी तणतणत चाचांना फोन लावला. सुनावायचं सगळं तोंडाशी तयार होतं. आणि रिंग मागच्या पडद्याआडून ऐकू आली.

पडदा सरकला. चाचा बनियनवर, एका हातात फडकं. "बोला, राजनभाऊ," ते फोनमध्येच म्हणाले.

"तुम्ही इथे कसे?"

"पुसायला आलो होतो. मरियमबीचा बिछाना नीट करताना जरा आडवा झालो. घरी झोप लागत नाय हो." मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "हे शारजा नाय."

आता राग ठेवायचा कुठे? तेवढ्यात त्यांच्या मुलाचा, उझैरचा फोन आला. तो दुकानातून जेवायला घरी आला होता, तर दार नुसतं लोटलेलं आणि बाप गायब.

"अब्बा, कुठे आहात?"

"अल ऐनला."

"कुणाबरोबर?"

"आपली गाडी घेतली ना, त्यांच्याबरोबर. मला न सांगताच घेऊन आले."

एकही शब्द खोटा नव्हता. पुढचं ओरडणं मला फोनशिवायही ऐकू आलं, त्यात 'पोलीस' दोनदा. मी फोन हिसकावून घेतला. "उझैर, मी अपहरण करणारा नाही. स्टोअर्स मॅनेजर आहे."

"खलास, बस झालं. जागचे हलू नका," तो म्हणाला.

तरी त्याला विचारून आम्ही जबल हफीत डोंगराच्या पायथ्याशी जाऊन थांबलो. मी चहा केला. कपाखाली थेंब दिसला की चाचा पुसत होते. मरियमबी कुठल्या खिडकीशी बसायची, ते त्यांनी दाखवलं.

उझैर आला तो धापा टाकत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बापाला मिठी मारली, मग रागावला, मग पुन्हा मिठी मारली. निघताना चाचा माझ्या कानाशी लागले. "दोन वर्षांत पहिल्यांदा पोरानं माझ्यासाठी दुकान बंद केलं," ते म्हणाले आणि चोरट्या खुशीत उझैरच्या गाडीत जाऊन बसले.

धूळ खाली बसली. मी दोन कप धुतले, आणि मला युक्ती सुचली. तनिषला लिहिलं, "मी हरवलोय. लवकर ये." खाली लोकेशन टाकलं. लगेच निळ्या खुणा झाल्या. टायपिंग... टायपिंग... मी घाईनं चहाचं आधण ठेवलं.

"रिलॅक्स, बाबा. यू आर नॉट लॉस्ट. यू आर अ‍ॅट जबल हफीत. फोर पॉइंट सेव्हन स्टार्स."