हवाबंद खड्ड्याची तपासणी

जी गोष्ट साहेबाने डोळ्यांनी पाहिली नाही ती झालीच नाही, हा कारभाराचा पाया आहे. आमचा लातूर जिल्हा याच पायावर उभा राहिला. जिल्हा जुन्यातून फुटून नवाच झाला होता. दुष्काळ मात्र जुन्या जिल्ह्याकडून वाटणीत आला होता.

आमच्या गावच्या मल्लम्माच्या ज्वारीची कणसं भरणार नाहीत हे दिसताच तिला मुरघासाची योजना मिळाली. हिरवी धाटं खड्ड्यात तुडवून भरायची आणि वर प्लास्टिक, माती टाकून हवा बंद करायची. तिच्या दोन म्हशींचा उन्हाळा त्यावरच निघणार होता, नाहीतर त्या विकाव्या लागणार होत्या. (त्या वर्षी बाजारात म्हशी भरपूर होत्या, घेणारे नव्हते.)

विस्तार अधिकारी महादेवप्पांनी शास्त्र सुरेख समजावलं. धाटातली साखर मोडली की इलेक्ट्रॉन सुटतात, ते कुणाला तरी पदरात घ्यावे लागतात. हवा असली की ऑक्सिजन सगळे घेतो आणि मागे वायू, पाणी आणि नुसती ऊब उरते. हवा नसली की साखरेचेच अर्धवट तुकडे ते परत घेतात, आंबट होतात, आणि त्या आंबटपणात चारा टिकतो. म्हणून हवा आत जाता कामा नये.

हवा आत गेली नाही ना, हे पाहायला त्यांनी खड्डा उघडला. कोपरापर्यंत हात घालून समाधान व्यक्त केलं. मग त्यांची तपासणी तपासायला तालुक्याचे साहेब आले. मग लातूरहून आले. मग जुन्या जिल्ह्यातूनही आले, कारण खड्डा कोणाच्या वाटणीचा हे ठरायचं होतं. (दोन्ही जिल्ह्यांनी जबाबदारी टाळली नाही.)

मल्लम्मा म्हणाली, "सायब, झाकाया सांगता अन् उघडून बघून राहिले. म्हशीला दुसरं काई न्हाई."

"बाई, उघडल्याशिवाय बंद आहे हे कळणार कसं?" आलेले साहेब म्हणाले.

हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो.

शेवटी खड्ड्यातून वाफा निघाल्या. चारा काळा पडला, बुरशी आली. एक म्हैस मातीमोल विकावी लागली. चौकशीत ठपका मल्लम्मावर आला : लाभार्थीने खड्डा वारंवार उघडू दिला.

दुसरी म्हैस मात्र दावणीला राहिली. पहिल्या दोन साहेबांनंतरच मल्लम्माने निम्मा चारा काढून भलतीकडे पुरला होता, आणि एकाही साहेबाला सांगितलं नव्हतं. मला ठाऊक आहे, पण जागा सांगणार नाही. तुम्ही काही बिघडवायला जाणार नाही, फक्त एकदा किंचित उचलून बघाल, हे मला मान्य आहे. आलेला प्रत्येक माणूस तेवढंच करून गेला होता.