पाचवं बटण

टेलरमास्तरांचा वरचा समोरचा दात गेला तो कामावर असताना गेला. गणवेशाच्या एका पँटची दुमड घालून झाली, त्यांनी दोरा दाताखाली धरला, मानेला नेहमीचा झटका दिला आणि दोरा होता तिथेच राहून दात तळहातावर आला. दोरा नवा नायलॉनचा होता आणि दात पन्नाशी उलटलेला. निकाल काय लागायचा तो लागला.

बाकीच्यांना समोरचा दात हसायला लागतो, फोटोला लागतो. मास्तरांना तो दोरा तोडायला लागायचा. चाळीस वर्षं त्यांचं काम एका लयीत चाललं होतं. सुई ओढायची, गाठ मारायची, मान खाली, टच्च, की पुढचा टाका. दुकानात कात्र्या तीन होत्या, पण त्या कापडासाठी. दोऱ्यासाठी कात्री घ्यायची म्हणजे हातातला टाका सोडा, कापडाखाली चाचपा, आणि ती सापडेपर्यंत आपण बाही शिवत होतो की खिसा हेच विसरा. दात गेल्यापासून मास्तर दिवसातून दहा वेळा सवयीने मान खाली नेत, झटका देत आणि दोरा नुसता ओला होऊन अखंड बाहेर येई. समोर गिऱ्हाईक असलं तर ते खोकल्याचं सोंग करत. घरी बोलले नाहीत, पण मनातून माणूस घाबरला होता. डोळे शाबूत, हात शाबूत, आणि एका दातापायी आपल्याला मशीन बंद करावं लागणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

दातांच्या डॉक्टरांनी उरलेलं मूळ काढलं. हिरडी भरून आल्यावर जबड्यात स्क्रूसारखं कृत्रिम मूळ बसवायचं आणि त्यावर दात चढवायचा, असं ठरलं. डॉक्टर तरुण होत्या, पण भोळ्या नव्हत्या.

"दात तुटला कशाने, काका?"

"बदाम फोडत होतो."

"समोरच्या दातानं?"

"घाईत होतो."

"दोरा वगैरे नाही ना तोडत दातांनी? शिवणकाम करणारे बरेच जण तोडतात."

"छे. दुकानात तीन कात्र्या आहेत," मास्तर म्हणाले, आणि यातला शब्दन् शब्द खरा होता.

डॉक्टरांनी टेबलावर दोन नमुने ठेवले. दाखवण्यासाठी मुद्दाम मोठे केलेले, बोटाच्या पेराएवढे. एक करडा, एक पांढरा. "हा टायटॅनियमचा, म्हणजे धातूचा. बरीच वर्षं वापरात आहे, चिवट आहे. हिरडी पातळ असली तर करडी छटा दिसू शकते, एवढंच. हा सिरॅमिकचा. पांढराच असल्यामुळे ती भीती नाही, पण याचा अनुभव त्यामानाने कमी वर्षांचा, आणि फार ताण पडला तर तडकायची शक्यता जरा जास्त. तुम्हाला दोन्ही चालतील. तुम्ही ठरवा."

'दोन्ही चालतील, तुम्ही ठरवा' हे वाक्य मास्तर आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते. ऐकणाऱ्याची त्यानं काय गत होते हे त्यांना आज समजलं. त्यांना विचारायचं होतं एकच, की यातल्या कशानं दोरा तुटेल. पण बदामाची थाप आड आली. मग त्यांनी आपल्याला येतं ते केलं. दोन्ही नमुने उचलले, अंगठ्याने चोळून पाहिले आणि उठून थेट रस्त्यावर गेले. डॉक्टर हातमोजे घालून मागोमाग धावल्या.

"काका, कुठे चाललात?"

"उन्हात बघतोय. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नसतो, घरी जाऊन फसायला होतं."

फुटपाथवर उभं राहून त्यांनी दोन्ही नमुने आळीपाळीने ओठाला लावून पाहिले. बाहेर ताटकळत बसलेला एक पेशंट ते बघून हळूच उठून घरी गेला.

"दोन दिवस घरी नेतो," मास्तर म्हणाले. "आम्ही गिऱ्हाइकाला नमुना घरी देतो."

"हे कापड नाहीये, काका."

"म्हणूनच जास्त विचार करायला हवा."

डॉक्टरांच्या दवाखान्यात अजून चौघं बसले होते. "न्या," त्या म्हणाल्या. "पण शनिवारी सकाळी मला परत पाहिजेत. शाळेत मुलांपुढे बोलायचंय, तिथे दाखवायचे आहेत."

घरी विषय निघाला तेव्हा मेहुणा येऊन बसलेला होता. तो नळाचं सामान विकायचा, त्यामुळे धातू आणि सिरॅमिक या विषयावर आपल्याला विचारलं नाही तर कुणाला विचारणार, अशी त्याची समजूत होती. "हे बघा दाजी, नळ धातूचा असतो आणि बेसिन सिरॅमिकचं. तडकलेलं बेसिन मी रोज बघतो. तडकलेला नळ अजून बघायचाय."

"मग धातूचा घेऊ?"

"पण नळ गळतो," मेहुणा विचारात पडून म्हणाला.

"अहो, कुठलाही घ्या, पण घ्या," बायको म्हणाली. "तुम्ही समोर बसून बोललात की माझ्या चहात थेंब पडतो."

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी नाही असं बघून मास्तरांनी स्वतःची परीक्षा घेतली, म्हणजे नमुन्यांची. करड्याच्या स्क्रूसारख्या आट्यांत दोरा अडकवला, झटका दिला. तुटला. पांढऱ्याच्या आट्यांत अडकवला. तोही तुटला, आणि जरा जास्त सफाईनं. मास्तरांचं मन सिरॅमिककडे झुकलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून दोन्ही नमुने त्यांनी समोरच्या वाटीत टाकले. ती वाटी बटणांची होती.

त्या वाटीत तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या कोटाची बटणं होती. त्यांना सगळं गाव, अगदी डॉक्टरसुद्धा, मोठ्या बाईच म्हणत असे. कोट शनिवारच्या कार्यक्रमासाठी हवा होता आणि बटणं त्यांनी स्वतः आणून दिली होती. पांढरी, लांबट, मधे बारीक, दोरा गुंडाळायला खाच असलेली. पाच.

बटणं लावायचं काम दुकानातल्या काजेवाल्यांकडे. काजं करणं आणि बटणं लावणं याशिवाय त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलेलं नव्हतं. नजर अधू झाली होती, तरी बोटांना सगळं दिसायचं, असं ते म्हणत.

शनिवारी सकाळी मास्तर नमुने घ्यायला गेले तर वाटीत एकच होता, करडा. धातू जागेवर आणि सिरॅमिक पसार. मास्तरांनी वाटी उलटी केली, खण उपसले, शेवटी जमिनीवर आडवे झाले. मशीनच्या पायट्यामागे त्यांना एक पांढरं लांबट बटण सापडलं. ते हातात घेऊन ते जमिनीवरच बसून राहिले. आपण काय बघतोय ते त्यांना समजत होतं, फक्त पटत नव्हतं.

"काजेवाले, मोठ्या बाईंच्या कोटाला बटणं किती लावलीत?"

"पाच."

"पाचही सारखीच होती?"

"चार सारखी," काजेवाले सुईत दोरा ओवत म्हणाले. "पाचव्याला आटे होते. म्हटलं, आली असेल नवी फॅशन. चांगलं घट्ट बसलंय हो."

"कुठे बसलंय?"

"मी खालून वर लावत जातो. म्हणजे गळ्याशी."

कोट काल संध्याकाळीच गेला होता. मास्तरांनी खरं बटण खिशात टाकलं, सुईदोरा नेहमीप्रमाणे शर्टाच्या पट्टीला टोचलेलाच होता, आणि ते शाळेकडे पळत सुटले. वाटेत त्यांना आठवलं की कात्री घेतली नाही. तशी ती खिशात कधीच नसायची. चाळीस वर्षांत गरजच पडली नव्हती.

मोठ्या बाई आपल्या खोलीत कोट घालून बसल्या होत्या. समोर डॉक्टर होत्या. त्यांच्या हातातला चहा निवला होता आणि त्या बाईंच्या गळ्याकडे टक लावून बघत होत्या. मास्तर दारात दिसताच त्यांना सगळं उमगलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले.

"काय मास्तर, धापा का टाकताय?" मोठ्या बाईंनी विचारलं. "आणि या डॉक्टर मघापासून माझ्या गळ्याकडे का बघतायत ते तुम्ही तरी सांगा."

मास्तरांनी सांगितलं. मोठ्या बाईंपुढे खोटं बोलायची सोय नव्हती.

"म्हणजे माझ्या गळ्याशी दात आहे?"

"दाताचं मूळ," डॉक्टर घाईने म्हणाल्या. "नमुना आहे, बाई. कुणाच्या तोंडात गेलेला नाही."

उन्हात ओठाला लावून पाहिल्याचं मास्तरांना आठवलं. त्यांनी हळूच ओठ पुसले.

मोठ्या बाईंनी शांतपणे कोट उतरवून टेबलावर ठेवला. "दहा मिनिटांत हॉलमध्ये चारशे मुलं बसतील. काढा ते."

"कात्री मिळेल?"

"शाळेतल्या सगळ्या कात्र्या सजावटीला हॉलमध्ये गेल्यात. तुम्ही टेलर आहात ना?"

मास्तरांनी कोट उचलला, आणि पुढचं त्यांच्या मानेनं केलं. दोरा तोंडात गेला, झटका बसला, आणि दोरा ओला होऊन बाहेर आला. त्यांनी खोकायला सुरुवात केली, पण उशीर झाला होता.

"बदाम," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा पडला. बाहेर घंटा झाली. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा कोटाकडे, मग तो मास्तरांच्या हातातून घेतला, खिडकीकडे तोंड केलं आणि मान खाली नेली. टच्च. बटण, म्हणजे नमुना, त्यांच्या तळहातावर आला.

मग मोठ्या बाईंनी चष्मा नीट केला.

"डॉक्टर, आज तुम्ही मुलांना काय सांगणार आहात?"

"दातांनी काय काय करू नये."

"त्यात पहिलं काय आहे?"

"बाटलीचं झाकण."

"आणि दुसरं?"

डॉक्टरांनी समोरच्या भाषणाच्या कागदाची घडी घातली आणि ती पर्समध्ये ठेवून दिली. "आई शिवणकाम करायची, बाई," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून सवय आहे. घाईत होते."

ते ऐकून मास्तरांना धीर आला. बटण लावायला बसता बसता ते मनातलं बोलून गेले. "खरं सांगतो, डॉक्टर. मला दात दिसण्यासाठी नकोय. या वयात कोण बघतंय. दोरा तुटत नाही तर हातच तुटल्यासारखं वाटतं. चाळीस वर्षांत दुसरं काही शिकलो नाही मी. तेवढं सांगा, धातूनं तुटेल की सिरॅमिकनं? मी दुकानात करून पाहिलं, सिरॅमिक जरा बरं वाटलं."

डॉक्टरांना हसू येत होतं, पण त्या हसल्या नाहीत. "काका, हे दोन्ही हाडात जातं. आत. वरचा दात कशावरही बसवला तरी तसाच असणार. दोऱ्याशी त्याची गाठच पडत नाही. आणि दोरा तोडाल तर वरचा दात तुटेल, खाली काहीही असो."

मास्तरांची सुई थांबली. इतक्या दिवसांचा विचार, मेहुण्याचं बेसिन, उन्हातली तपासणी, सगळं आतल्या बक्रमसाठी चाललं होतं. कॉलरमध्ये जे जाड कापड आत जातं आणि कुणाला कधी दिसत नाही, ते.

"बक्रम आम्ही गिऱ्हाइकाला निवडायला लावत नाही," ते सावकाश म्हणाले. "तुम्हीच ठरवा."

पाचवं बटण लागलं, गाठ पडली. आता सुई आणि कोट यांच्यामध्ये वीतभर दोरा उरला. मास्तरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी छताकडे. मोठ्या बाईंनी टेबलाचा खण उघडला, नेलकटर काढलं आणि दोघांच्या मधोमध ठेवलं.

"मुलांची नखं मी महिन्यातून दोनदा बघते," त्या म्हणाल्या. "या शाळेत दातही बघावे लागतील, आणि तेही मोठ्यांचे, असं वाटलं नव्हतं."

हॉलकडे जाताना बाई पुढे होत्या आणि हे दोघं दोन पावलं मागे, शिक्षा झालेल्या मुलांसारखे.

"काका," डॉक्टर कुजबुजल्या, "दोऱ्याला मेण लावता का? सुरेख तुटला."

"लावतो ना," मास्तरांचा चेहरा दिवसातून पहिल्यांदा उजळला. "पण तुमचा झटका डावीकडे जातो. अशानं दात सैल होतात. मान सरळ ठेवायची असते."

"मी सोडलंय आता."

"केव्हा?"

"मगाशी."

मास्तर परत निघाले आणि वाटेत एका दुकानात थांबले. घरी आले तेव्हा बायको दारातच होती.

"काय ठरलं शेवटी? धातू की सिरॅमिक?"

"ते डॉक्टर ठरवतील. मी माझ्यापुरतं ठरवलंय."

"काय?"

"कात्री," असं म्हणून त्यांनी खिशातून बोटभर लांबीची नवी कात्री काढली. "ही माझ्या गळ्यात बांधून दे. गळ्यातच असली म्हणजे शोधायला नको. बघू, हात शिकतो का. नाही शिकला तर मग बसतो घरी."

बायकोने कात्रीच्या कडीत जाड दोरा ओवला, मास्तरांच्या मानेमागे नेला आणि करकचून गाठ मारली. उरलेलं टोक लांब होतं. मानेवर तिचा श्वास लागला तसे मास्तर दचकून वळले. टोक तिच्या दाताखाली होतं.

"अगं सोड, सोड," ते म्हणाले.

त्यांनी गळ्यातली कात्री चाचपली. ती छातीवरच होती, एका क्षणात हाताला लागली. मान तिरकी करून, हात मागे नेऊन, न बघता त्यांनी टोक कापलं. शोधाशोध न करता दोरा आयुष्यात पहिल्यांदाच कात्रीने तुटला होता, आणि तो तुटताना आवाज मात्र नेहमीचाच आला. टच्च.

मग मास्तरांनी शर्टाच्या पट्टीतली सुई काढली आणि बायकोला म्हणाले, "घरात कशाचं बटण निघालंय का बघ गं."