वच्चेचं काय?

सिरियलमध्ये ‘अठरा वर्षांनंतर’ अशी पाटी आली की आमचे शेजारी शरदराव टीव्ही बंद करतात आणि त्या मंडळींशी कायमचे संबंध तोडतात.

“पण वच्चेचं काय?” ते कडाडतात. मधल्या काळाला ‘वच्चे’ म्हणणं हा आम्हा बडोदेकरांच्या मराठीला लागलेला गुजराती वास. “काल पोरगी पाळण्यात होती, आज कॉलेजात निघाली! तिला वरणभात कोणी भरवला? कांजिण्या आल्या तेव्हा कोण जागलं?”

एवढ्यावर थांबले असते तर माझी तक्रार नव्हती. पण ती गाळलेली वर्षं ते स्वतः रचून सांगतात. रावपुऱ्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात, रोज दुपारी. आणि ऐकायला सगळ्यांत पुढे कोण? माझी बायको, सुनंदा.

मी स्वतः कथा लिहितो. दिवाळी अंकांत छापूनही येतात. सुनंदाने आजवर त्यातली एकही शेवटपर्यंत वाचलेली नाही. आणि या गृहस्थांनी नायिकेच्या मुलीचा शाळेतला पहिला डबा उघडला, की हिच्या डोळ्यांत पाणी! “काय सरस सांगतात हो!” म्हणत ती घरात येते, तोवर माझा चहा राहिलेलाच असतो. मी जळतो. स्पष्टच सांगतो, जळतो.

गेल्या दिवाळीत माझी कथा आली. शेवट: ‘पंधरा वर्षांनंतर’. नायक परदेशातून परततो, स्टेशनवर तरुण झालेली लेक, मिठी, समाप्त. दुसऱ्याच दिवशी शरदराव अंक घेऊन दारात. मी भांडायच्या तयारीनेच त्यांना बसवलं.

ते भांडले नाहीत. अंक मांडीवर ठेवून म्हणाले, “मी मस्कतला होतो ना, दर दोन वर्षांनी महिनाभर यायचो. दर वेळी नवीनच मुलगी दार उघडायची. कायमचं परतल्यावर तिच्या आईला सगळं निवांत विचारीन म्हटलं, तर तीच देवाघरी गेली.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आमच्या रेवाला सायकल तुम्ही शिकवलीत ना?”

“हो. मागच्या गल्लीत.”

“तुमचा फार हेवा वाटतो मला.”

माझा!

“सांगा ना,” ते म्हणाले.

मी सांगू लागलो. सायकल मोठी, पाय पुरत नव्हते. मी मागून धरलेली. “काका, सोडू नका हं!” असं सारखं ओरडायची. सोडली, तर थेट भाजीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर.

“लागलं?”

“गुडघा फुटला.”

“रडली?”

“रस्त्यात नाही. घरी आल्यावर.”

सुनंदा केव्हा येऊन बसली होती कळलंच नाही. “हळद मी लावली,” ती म्हणाली. “‘बाबांना फोनवर सांगू नका, ते तिकडे एकटेच असतात,’ म्हणाली.”

शरदरावांनी अंक मिटून बाजूला ठेवला. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून हळूच म्हणाले, “मग? दुसऱ्या दिवशी परत बसली का सायकलवर?”