सावडीतला एमबीए

विलास आमच्याकडे जेवायला आला की हात धुण्याआधी फीडबॅक देतो. पाहुण्याने ढेकर द्यावा, घरधनिणीने "आणखी वाढू का?" विचारावं आणि त्याने ताटावर आडवा हात धरावा, एवढाच आमच्या जुन्नरकडचा रिवाज. विलासला तो पटत नाही. तो खरकटी बोटं हवेत धरतो, माझ्या बायकोकडे बघतो आणि सांगतो, "वहिनी, टू बी फ्रँक, आमटी गुड. भात ॲव्हरेज. भाजीत स्कोप आहे."

एकदा बायकोने लाटणं उचललं आणि म्हणाली, "भावजी, ह्याच्यातही बराच स्कोप आहे बरं का." दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. विलास खूश झाला. म्हणाला, "याला टू-वे कम्युनिकेशन म्हणतात. एमबीएला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

एमबीएला जे काही शिकवलं ते सगळं पहिल्याच दिवशी शिकवलं असावं, असं माझं मत आहे. कारण विलासच्या तोंडून दुसऱ्या दिवसाचं काही ऐकल्याचं मला आठवत नाही. मग दोन वर्षं पुण्यात राहून त्याने काय केलं, हा प्रश्न उरतो. तो मी त्याला बरीच वर्षं विचारत होतो.

विलास माझ्या आत्याचा एकुलता एक मुलगा. गाव निमगाव सावा. आत्याचे यजमान लवकर गेले आणि तिने शेतावर राबून याला शिकवलं. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत इंजिनिअर आणि डॉक्टर हे दोनच प्राणी आमच्या भागाला माहीत होते. हा एमबीए होऊन आला तेव्हा गावात बराच गोंधळ उडाला. पारावरच्या म्हाताऱ्यांनी चर्चा करून ठरवलं की पोरगा डॉक्टरकीला गेला होता, पण एमबीबीएसची शेवटची दोन अक्षरं त्याला झेपली नाहीत. तरी अर्धा डॉक्टर तर आहेच, म्हणून दोघातिघांनी त्याला गुडघे दाखवले. यानेही ते पाहिले आणि गुडघ्यांचे स्ट्रेंग्थ-वीकनेस सांगितले. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण गोठ्यात जाऊन त्याने म्हशीचेही सांगितले. म्हशीची वीकनेस म्हणजे तिला व्हिजन नाही.

चिंचवडच्या एका कंपनीत त्याने काही वर्षं नोकरी केली. ती का सुटली याची त्याच्याकडे निरनिराळी कारणं असतात. मग जुन्नरच्या बाजारपेठेत एका शिंप्याच्या दुकानावर त्याने खोली घेतली आणि पाटी लावली, 'मॅनेजमेंट कन्सल्टंट'. खालचा शिंपी कपड्याची मापं घ्यायचा आणि वर हा माणसांची.

त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे समोरचा चहावाला. विलासने तीन दिवस त्याच्या हॉटेलात फुकट चहा पीत निरीक्षण केलं आणि निदान काढलं, "तुझं गिऱ्हाईक एक कट चहा घेतं आणि तासभर पेपर वाचतं. बाकडी काढ, पेपर बंद कर. टर्नओव्हर डबल." बिचाऱ्याने बाकडी काढली. गिऱ्हाईक उभं राहायला तयार नव्हतं, ते चार पावलं चालून पलीकडच्या हॉटेलात जाऊन बसलं. चहावाला रडकुंडीला आला तेव्हा विलास त्याला म्हणाला, "तुझं चुकलं नाही. मार्केट मॅच्युअर नाही." बाकडी परत आली, पण गिऱ्हाईक काही लवकर आलं नाही. माणूस चहासाठी बसत नाही, बसण्यासाठी चहा घेतो, एवढं जुन्नरच्या एसटी स्टँडवरच्या कुत्र्यालाही कळतं.

लग्नाच्या बाजारातही त्याने तेच केलं. मुलगी पाहायला आम्ही आंबेगाव तालुक्यात गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, मोठ्यांनी स्वयंपाक-शिवणाचं विचारून झालं. मग विलास पुढे सरसावला. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मुलगी शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडं तरी नाय." परतीच्या जीपमध्ये आत्या पदराने तोंड झाकून रडत होती आणि हा मला समजावत होता की कँडिडेट कॉन्फिडंट होती. त्यानंतरची स्थळंही याच धाटणीने गेली. घरात आत्या आणि तो, दोघंच राहिले.

इथपर्यंतचं सगळं हसण्यावारी नेता येत होतं. सावडीचं प्रकरण मात्र तसं नव्हतं.

सावड म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. कांद्याची काढणी एकट्या घराला उरकत नाही. म्हणून भावकीतली घरं मिळून आज याच्या रानात, उद्या त्याच्या रानात जातात. मजुरी नाही. आदल्या संध्याकाळी घरच्या बाईने दारात येऊन "उद्या आमच्याकडं हाय बरं का" म्हणायचं, एवढंच बोलावणं. रानात ज्याने त्याने एकेक वाफा धरायचा. ज्याचा वाफा आधी संपेल त्याने मागे राहिलेल्याच्या वाफ्यात दुसऱ्या टोकाने शिरायचं आणि त्याला अर्ध्या वाटेत गाठायचं. मग सगळ्यांनी मिळून भाकरीला बसायचं. हे कोणी कोणाला सांगत नाही, हात आपोआप वळतात.

आत्याच्या भावकीत सोनाकाकी नावाची म्हातारी होती. विलासची चुलत चुलती. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, कंबर धरलेली. पण तिचा वाफा मागे राहिलेला कधी कोणी पाहिला नव्हता, कारण तो मागे राहायच्या आतच दोन-तीन जणी तिच्याकडे वळायच्या. काकी काम कमी करायची आणि बोलायची जास्त. कोणाची सून कशी, कोणाच्या जावयाने काय दिवे लावले, सगळं रान हसत ठेवायची. आत्या नवरी म्हणून गावात आली तेव्हा तिच्या शेजारचा वाफा याच काकीने धरला होता.

त्या वर्षी आत्याच्या रानात काढणी होती आणि आमचे कन्सल्टंट बांधावर छत्री लावून बसले होते. हातात स्टॉपवॉच. कोण केव्हा खाली वाकलं, केव्हा पाणी प्यायलं, कोणाचा वाफा केव्हा संपला, सगळं टिपत होते. आत्याला वाटलं पोरगा अभ्यास करतोय. मी सुट्टीचा म्हणून गेलो होतो, मलाही गंमत वाटत होती.

दुपारी सगळी मंडळी भाकरीला बसली. विलास उभा राहिला आणि त्याने निकाल वाचला. पहिल्या नंबराला स्टीलचा डबा. तो धाकट्या चुलत्याच्या सुनेला मिळाला, तिने लाजून पदराखाली घेतला. तिथे थांबावं की नाही? पण एमबीएला पहिल्याच दिवशी म्हणे शिकवलं होतं की परफॉर्मन्स दोन्ही टोकांनी मोजायचा. म्हणून त्याने शेवटचा नंबरही वाचला. "सोनाकाकी. इम्प्रूव्हमेंट नीडेड. टू बी फ्रँक काकी, तुमचं काम बाकीचे करतात. सिस्टीमवर लोड येतो."

कोणी हसलं नाही. काकीला इंग्रजी कळलं नसेल, मराठी कळलं. तिने हातातली भाकरी फडक्यात परत बांधली आणि उठली. आत्याला म्हणाली, "येते गं. माजं वज्जं तुमच्यावर नगं." आणि बांधाबांधाने वाकत वाकत निघून गेली.

बाकीच्यांनी उरलेलं रान संध्याकाळपर्यंत पुरं करून दिलं, कारण सावडीत काम अर्धं टाकत नाहीत.  डबा मात्र गोठ्याच्या भिंतीवर ठेवलेला सापडला. त्यानंतर आत्याच्या दारात "उद्या आमच्याकडं हाय" म्हणायला कोणी आलं नाही, आणि आत्या सांगायला गेली तर लोक "बघू" म्हणायला लागले. आमच्याकडे "बघू" म्हणजे काय ते आत्याला कळत होतं.

विलासने यावरही उपाय काढला. पुढच्या काढणीला बाहेरगावाहून टेंपोने मजूर आणले. मला म्हणाला, "लेबर आउटसोर्स केलं. क्लीन सोल्युशन." कांदा निघाला, वेळेत निघाला. आत्या बाजाराच्या दिवशी आमच्या घरी आली की मात्र तासन्‌तास बसून राहायची, उठायचं नाव घ्यायची नाही. बायकोला म्हणायची, "मजूर येत्यात, काम करत्यात, जात्यात. वाईट नायत बिचारे. पन बोलायला मानूस नाय गं. सगळी कांद्यावानी गप." विहिरीवर बायका भेटल्या की पाणी भरून लगेच निघतात, हेही ती सांगायची. एवढं मोठं गाव आणि म्हातारी त्यात एकटी पडली होती. मला विलासचा मनस्वी राग आला.

तो राग घेऊन मी एकदा त्याच्या खोलीवर गेलो. मंचरच्या कुठल्याशा संस्थेत भाषण द्यायला तो टाय बांधत होता. विषय, 'टीमवर्क'. मी म्हणालो, "वा! सगळ्या भावकीने टाकलेला माणूस टीमवर्क शिकवणार. दोन वर्षं पुण्यात राहून तू शिकलास काय रे? खरं सांग एकदा."

मला वाटलं पहिला दिवस निघेल. तो टायची गाठ तशीच अर्धी धरून खिडकीकडे बघत राहिला. मग गावच्या बोलीत बोलला, जी तो माझ्याशी कधी बोलायचा नाही. "दादा, तिथं सगळं गुरुपमधी असतंय. सर म्हनायचे, चला, पाच-पाच जनांचे गुरुप पाडा. पोरं पटापटा एकमेकाला धरायची. माजं इंग्रजी असलं. मी दर टायमाला उरायचो. मग सर विचारायचे, ह्याला कोन घेतंय? कोनच बोलायचं नाय. दोन वरसं ह्येच शिकलो. आपुन उरायचं नसंल तर दुसरं कोन उरतंय ते आदी दावायचं."

  तो टाय नीट करून मंचरला गेला आणि भाषण, असं ऐकतो, नेहमीसारखंच वाईट झालं.

पुढच्या चैत्रात आत्याला भेटायला मी निमगावला गेलो. एसटीतून उतरून रस्त्याने चाललो होतो, तर सोनाकाकीच्या रानात काढणी चाललेली. बाभळीखाली विलासची मोटारसायकल उभी दिसली. मनात म्हटलं, आता इथेही छत्री लावून बसला की काय हा गाढव! लगबगीने गेलो.

छत्री नव्हती. विलास पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाफ्यात बसला होता. हाताला फोड आलेले, शर्टाची पाठ घामाने चिकटलेली. बांधावरच्या एका बाईला मी हळूच विचारलं, "हा कधी आला?" ती म्हणाली, "सकाळधरनं हाय. कोनी बोलावलं नाय आन्‌ कोनी हाकललंबी नाय. येऊन कडंचा वाफा धरला त्यानं. कुनाशी बोलला नाय."

विलासला कांदा काढायची सवय नाही हे एका नजरेत कळत होतं. त्याच्या जोडीने लागलेल्यांचे वाफे संपत आले, संपले. सोनाकाकीच्या वाफ्यात दोघी वळल्या, तिचाही संपला. याचा अर्धाही झाला नव्हता. त्याच्याकडे कोणी वळलं नाही. एकेक जण हात झटकत बाभळीखाली जाऊन भाकरी सोडायला लागला. भर उन्हात त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या रानात तो एकटा खाली मान घालून कांदे उपटत राहिला. त्याने मान वर केली नाही. सगळे बसलेत हे त्याला ऐकू येत होतंच.

सोनाकाकीने एक घास मोडला होता. तो तिने तोंडात घातला, फडकं बाजूला सारलं, कंबरेवर हात देऊन उठली आणि त्याच्या वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. वाकड्या बोटांनी एकेक कांदा काढत पुढे सरकायला लागली. खूप वेळ लागला. दोघंही कामाला मंदच. आम्ही सगळे जेवायचं सोडून बघत होतो. शेवटी दोघांच्या मध्ये हातभर जागा उरली.

"काकी, मी..." विलास म्हणाला.

"बोलू नगं. कांदा काड." ती म्हणाली. शेवटचे कांदे दोघांनी काढले. मग काकी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली, "इलास, उद्या आमच्या धाकल्याच्या रानात हाय. आईला घिऊन ये."

विलासने मान हलवली. मग बाहीने डोळे पुसले, पुन्हा पुसले, आणि कोणी विचारलं नसताना म्हणाला, "कांदा लई तिखट हाय."

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, उपटताना येत नाही. हे त्या बाभळीखाली बसलेल्या प्रत्येकाला जन्मापासून माहीत होतं.  मग ज्या सुनेने डबा गोठ्यात परत ठेवला होता, ती आपल्या भाकरीतली अर्धी मोडून त्याच्यासाठी बाजूला काढत म्हणाली, "व्हय भावजी. औंदा लईच तिखट हाय."