पावडरमध्ये बोर्ड, टणकात स्की

सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये पंखा गरगरत होता आणि प्रबोध-सुलेखा घाम पुसत बर्फावरून भांडत होते. बर्फ दोघांनीही आजवर पाहिला तो फ्रीजरमध्ये. पण डिसेंबरात जपानच्या होक्काइडोची तिकिटं निघाली होती आणि लग्नाच्या वाढदिवसाला जोडीनं डोंगर उतरायचा, असं ठरलं होतं. अडचण एकच. स्कीचा वर्ग एका उतारावर आणि स्नोबोर्डचा दुसऱ्यावर. वेगवेगळं निवडलं की जोडी फुटली.

"तिथे पावडर असते," प्रबोध म्हणाला. "भुसभुशीत बर्फ. स्की रुततात, बोर्ड वरच्या वर तरंगतो."

"आणि रात्रीत गोठून टणक झाला की? स्कीच्या कडा पकड घेतात. तुझा बोर्ड पायथ्याशी पोचेल, तोही तुझ्याशिवाय."

व्हिडिओ पाहून पाहून दोघंही पंडित झाले होते. प्रबोध तर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतही ओल्या बर्फाचे तोटे सांगे. लोक हळूहळू दुसऱ्या टेबलावर बसू लागले होते.

शेवटी प्रयोग करायचं ठरलं, दोघंही पडले इंजिनियर. परातीत मैदा पसरला, ती पावडर. चतुर्थीच्या खिचडीसाठी भिजवलेला साबुदाणा ताटात ओतला, तो वितळता बर्फ. ओट्यावर साबणाचं पाणी, तो टणक. प्रबोधनं भाजी चिरायचा बोर्ड घेतला, सुलेखानं दोन उलथनी. मैद्यात बोर्ड जिंकला. साबुदाण्यात दोघंही अडकले. साबणावर मात्र बोर्ड असा सुसाट सुटला की ताट, परात आणि दाण्याच्या कुटाची बरणी घेऊनच खाली उतरला.

त्यांची लेक गार्गी सिंगापुरी इंग्रजी झाडत खोलीतून बाहेर आली. "व्हाय यू टू सो नॉइझी? आय गॉट होमवर्क, लाह."

"टणकात बोर्ड घसरतो, सिद्ध झालं," सुलेखा खुशीत म्हणाली. मग तिला साबुदाणा दिसला.

चतुर्थी केळ्यांवर निघाली आणि घरात अबोला धरला गेला. त्या अबोल्यातच ज्यानं त्यानं आपापलं बुकिंग केलं.

होक्काइडोत पोचले तेव्हा आभाळातून कापूस पडत होता. दोघं लहान मुलांसारखे तोंड उघडून उभे राहिले. गार्गी मुलांच्या वर्गात पळाली. सामान देणाऱ्या काउंटरवरच्या मुलीनं मग बुकिंग बघून प्रबोधच्या हातात स्की दिल्या आणि सुलेखाच्या हातात बोर्ड.

"तुझ्यासाठी बदललं गं," प्रबोध म्हणाला.

"अरे, मी पण तुझ्यासाठीच." सुलेखाचे डोळे भरून आले. "थांब, मी पण स्कीच घेते."

"छे, मीच बोर्ड घेतो. एवढी पावडर पडतेय, तुला बोर्डच बरा."

"खाली टणक आहे, तुला स्कीच हव्यात. दरवेळी माघार तूच घेणार होय?"

"दरवेळी? मी?"

माघार कुणी घ्यायची यावर ते इतके हिरिरीनं भांडले की दोन्ही वर्ग त्यांना सोडून निघून गेले. काउंटरवरच्या मुलीनं दोघांना खूप वेळ न्याहाळलं आणि मुलांची लाल प्लास्टिकची घसरगाडी पुढे सरकवली.

सुलेखा पुढे बसली, प्रबोध तिला घट्ट धरून मागे. पावडर, टणक, ओला, सगळ्यावरून किंचाळत दोघं थेट पायथ्याला पोचले आणि बर्फात पालथे झाले.

"बसून गेलं की सगळा बर्फ सारखाच," सुलेखा धापा टाकत म्हणाली.

"चल, परत," प्रबोध म्हणाला. "पण आता पुढे मी."

"का म्हणून?"