न गळणारी प्लेट

"कचऱ्याचा डबा? माझ्या स्टॉलवर? उचला तो आधी!"

बसवराजचं हे वाक्य सोलापुरातल्या त्याच्या आख्ख्या कॉलनीने ऐकलं. ऐकणं भागच होतं, माइक त्याच्या हातात होता! कॉलनीचा पर्यावरण मेळा जवळ आला होता, आणि सभेत स्टॉल आणि डबे वाटले जात होते. नियम एकच : संध्याकाळी प्रत्येक स्टॉलचा कचरा काट्यावर चढणार. ज्याचा शून्य भरेल त्याला मंचावर शाल, हार आणि भाषणाची संधी.

शाल-हाराचं त्याला काही नव्हतं. पण भाषण! फरशीच्या दुकानात गिऱ्हाईक त्याला "भाव सांगा" याच्यापुढे बोलूच देत नसे.

युक्ती साधी. शेंगांची आमटी, कडक भाकरीच्या प्लेटमध्ये. आमटी प्या, प्लेट खा, घरी जा!

पहिला प्रयोग. स्थळ : घर. भाकरी : पातळ. आमटी गळाली. कुठे गळाली, ते त्याच्या बायकोने, श्रीदेवीने, फोन करून माहेरी सांगितलं आहे, इथे नको.

मग अक्कलकोटहून सासूबाई आल्या. निंगव्वा. बसवराज त्यांना कानडी रिवाजाने अत्ती म्हणे.

"जाड थापा, अत्ती."

"एवढी?"

"अजून."

"एवढी?"

"अजून!"

"अय्यो शिवा! जावई, ही भाकरी हाय की शहाबादी फरशी?"

बसवराजला हे कौतुक वाटलं.

भाकऱ्या उन्हात वाळल्या. एक हातातून निसटली. भाकरीला काही झालं नाही. घरातल्या फरशीला तडा गेला.

मेळा! रांग लागली. आमटी वाढली. एक थेंब गळेल तर शपथ! लोक प्लेट उलटून-पालटून बघत होते, आणि बसवराज मनात भाषणाचं पहिलं वाक्य घोळवत होता.

एक आजोबा परत आले. "आमटी लई झकास, बसवराज. ही प्लेट कुटं धुवायची?"

"खायची, आजोबा!"

आजोबांनी खाऊन पाहिली. प्लेट परत आली. तिच्यात रुतलेली कवळीही आली.

मागोमाग तरणी माणसं आली. दात सगळ्यांना होते, आणि सगळ्यांना ते ठेवायचे होते. प्लेटांचा ढीग वाढत गेला.

भोंगा : "वजनकाटा निघालेला आहे. स्टॉलधारकांनी तयार राहावं."

"शेळीला घाला की!" श्रीदेवी म्हणाली.

शेळी आणली. तिने भाकरी हुंगली, बसवराजकडे पाहिलं आणि शेजारच्या स्टॉलवरची कापडी पिशवी खाल्ली.

पलीकडे केराबाईंचा खताचा स्टॉल. "मावशी, तुमच्या खड्ड्यात टाकू?"

"नगं रे बाबा! ह्या कुजस्तोवर माझी नात आजी हुईल."

भोंगा : "काटा शेजारच्या रांगेत."

"अहो, लिहू दे की चार किलो. काय बिघडतंय?" श्रीदेवी म्हणाली.

"न्हाय! शून्य म्हणजे शून्य!"

आणि पोटच्या पोराचंही उष्टं न खाणारा बसवराज मांडी घालून बसला. दुकानातली फरशी फोडायची हातोडी मागवली. एक घाव. दोन तुकडे. तोंडात.

कडाम.

"आमटीत भिजवा तरी!"

"संपली आमटी!"

कडाम. कडाम.

भोंगा : "काटा तुमच्या रांगेत!"

कडामकडामकडाम!

काटा घेऊन मेळ्याची कार्यकर्ती रेश्मा समोर उभी राहिली, तेव्हा शेवटचा तुकडा ओठांआड गेला.

शून्य!

शाल. हार. टाळ्या. माइक.

बसवराजने तोंड उघडलं. म्हणजे, उघडायला गेला. जबड्याला कुलूप!

"ऊं. ऊंऊं. ऊं!"

रेश्मा गोंधळली. "काय म्हणतायत काका?"

श्रीदेवीने पुढे होऊन माइक घेतला. "हे म्हणत्यात की, पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनी आपापली ताट-वाटी घरनं आणावी. आन् घरीच धुवावी."

बसवराज जिवाच्या आकांताने मान हलवू लागला. नाही! नाही! नाही!

"किती साधा माणूस! कौतुकसुद्धा नको म्हणतोय," पहिल्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, आणि टाळ्या दुप्पट झाल्या.